चादर धरणारे हात

पिंपरीत हल्ली कोणाकडेही जा, 'बसा' म्हणायच्या आधी 'जरा उजेड सोडा' म्हणतात. खिडकीजवळच्या टेबलावर नटबोल्ट नाहीतर मसाल्याचा डबा नवरदेवासारखा बसलेला. मागच्या भिंतीवरून पांढरा कार्डपेपर टेबलावर अलगद वळवून आणलेला, म्हणजे फोटोत कोपऱ्याची रेघ येत नाही. खिडकीच्या समोरच्या अंगाला घरातलंच कोणीतरी पांढरी चादर धरून उभं. तिच्यावरून परतलेला उजेड मालाची काळोखी बाजू उजळतो.

विद्या जुनी आहे, बरं का! दादासाहेब फाळके १९१२ साली लंडनहून विल्यमसन कॅमेरा घेऊन आले. भांडवलदाराची खात्री पटावी म्हणून त्यांनी घरच्या घरी वाटाणा पेरला आणि त्याचं रोप होईपर्यंत थोडंथोडं चित्रण केलं. नमुना पाहून कर्ज मिळालं. आमच्या बँकेत वाटाण्यावर साधा फॉर्मही मिळत नाही!

मग दादरला उन्हाच्या उजेडात 'राजा हरिश्चंद्र' तयार झाला आणि ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशनमध्ये लागला. त्या उन्हात पांढऱ्या चादरी धरून तासन्‌तास उभ्या राहायच्या त्या सरस्वतीबाई फाळके. शिवाय फिल्म धुणं, साऱ्या मंडळींचा स्वयंपाक, आणि गरजेला अंगावरचे दागिने गहाण!

दादासाहेबांच्या नावाचा पुरस्कार १९६९ पासून दिला जातो. चादरीच्या खात्यावर मात्र काहीच जमा नाही. तेव्हा नटबोल्टाचा फोटो झकास आला, की पहिला चहा चादर धरणाऱ्या हातात द्या. आणि तो तुम्ही स्वतः करा.