मांजर, बकरी आणि रेबीज : घरातल्या जनावरांची काळजी कशी घ्यावी?

ऑक्टोबर संपत आला की मोबाईलवर हॅलोविनची भुतं आणि वटवाघळं दिसू लागतात. अमेरिकेत या दिवसांत पाळीव जनावरं वटवाघळांपासून सांभाळा, रेबीज होतो, असं सांगतात. तिथं ते बरोबरच आहे. वर्षानुवर्षं लस देऊन त्यांनी कुत्र्यांमधला रेबीज संपवला, त्यामुळं आता मुख्य धोका वटवाघळाचा उरला. आपल्याकडं मात्र हा रोग जवळजवळ नेहमी कुत्र्याच्या चाव्यातून येतो. म्हणून चांदूर बाजारच्या घरांनी झाडावरच्या वटवाघळापेक्षा गल्लीतल्या कुत्र्याकडं लक्ष द्यायला हवं.

वटवाघूळ (चमगादड) : त्याला मारू नका, त्याची झाडं तोडू नका. पण जमिनीवर पडलेलं वटवाघूळ उघड्या हातानं उचलू नका, मुलांना आणि मांजरीला त्याच्याजवळ जाऊ देऊ नका. चावलं किंवा ओरखडलं तर दवाखाना गाठा.

मांजर : आपल्या बऱ्याच घरांत मांजर असते, पण तिला लस द्यायची असते हे कितीक जणांना माहीतच नसतं. रात्री बाहेर फिरणाऱ्या मांजरीला पिसाळलेला कुत्रा चावू शकतो. तीन महिन्यांची झाली की पहिली लस, नंतर डॉक्टर सांगतील तसा डोस आणि दरवर्षी एक. शेतावर राखणीला कुत्रा असेल तर त्यालाही हाच नियम. जनावरांच्या सरकारी दवाखान्यात विचारा.

बकरी : बकरीला कुत्रा चावला की "वाया जाण्यापेक्षा हलाल करून टाकू" असं घरात कोणीतरी म्हणतंच. असं करू नका. कापताना लाळ आणि मेंदूशी हात लागतो, तिथंच धोका असतो. जखम साबणानं धुवा, बकरी वेगळी बांधा, त्याच दिवशी जनावरांच्या डॉक्टरांना दाखवा. चाव्यानंतरही लस देता येते. बकरी सारखी ओरडत असेल, लाळ गाळत असेल, गिळता येत नसेल तर तिच्या तोंडात हात घालू नका. तिचं दूध आणि गोश्त वापरू नका.

माणसाला चावलं तर :
१. वाहत्या पाण्याखाली साबण लावून जखम १५ मिनिटं धुवा.
२. मिरची, चुना, हळद, तेल काहीही लावू नका.
३. त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जा. लस तिथं मोफत मिळते. खोल जखम असेल तर जखमेत द्यायचं वेगळं इंजेक्शनही लागतं, त्याबद्दल डॉक्टरांना विचारा.
४. डोस ठरलेल्या तारखांनाच घ्या. दोन घेऊन थांबू नका.
५. कुत्रा किंवा मांजर ओळखीची असेल तर १० दिवस नजर ठेवा, पण त्यासाठी लस लांबवू नका.

नुसता ओरखडा असला तरी दाखवा. मार पडेल या भीतीनं मुलं सांगत नाहीत, म्हणून "चावलं तर आधी अम्मीला सांग, कोणी रागावणार नाही" हे त्यांना आजच सांगून ठेवा.

लक्षणं दिसल्यावर रेबीजचा रोगी सहसा वाचत नाही. वेळेवर लस घेतली तर हा रोग टळतो. दम, दुआ जरूर करा, पण आधी साबण-पाणी आणि लगेच दवाखाना. जीव वाचवणं हाही आपला फर्जच आहे.