बुडालेल्या जहाजासाठी एक दिवस खर्चावा का?

कॅरिबियन समुद्रातील क्रूझ सफरीत प्रत्येक बंदरात पर्यटकाला जेमतेम आठ-नऊ तास मिळतात. तेवढ्या वेळात किनाऱ्यावर पहुडावे, बाजारपेठ पालथी घालावी की समुद्रतळाशी विसावलेले एखादे जहाज पाहून यावे, हा प्रश्न स्कूबा डायव्हिंगची आवड असणाऱ्यांना हमखास पडतो. अशा सफरींच्या जाहिरातींत एक नाव वारंवार आढळते, ते म्हणजे ‘आरएमएस रोन’. या जहाजाची ख्याती सार्थ आहे. मात्र त्यासाठी एक दिवस द्यावा की नाही, याचे उत्तर ख्यातीवरून ठरत नाही. आपण कोणत्या बंदरातून निघतो आणि आपल्याला किती खोल उतरण्याचे प्रशिक्षण आहे, या दोन गोष्टींवर ते ठरते.

एका वादळाची कथा

‘रोन’ हे ब्रिटनच्या रॉयल मेल स्टीम पॅकेट कंपनीचे टपाल व प्रवासी वाहतूक करणारे जहाज. सुमारे ३१० फूट लांबीचे, लोखंडी बांध्याचे, वाफेवर आणि शिडांवरही चालणारे हे जहाज १८६५ साली जलावतरण झाले तेव्हा अत्याधुनिक मानले गेले. ऑक्टोबर १८६७ मध्ये सेंट थॉमस बंदरात पीतज्वराची साथ असल्याने ते ब्रिटिश व्हर्जिन बेटांपैकी पीटर बेटाजवळ नांगरून होते. २९ ऑक्टोबर रोजी तेथे चक्रीवादळ धडकले. वादळाचा पहिला तडाखा ओसरल्यावर, केंद्रभागातील शांततेचा लाभ घेऊन खुल्या समुद्रात निसटण्याचा निर्णय कप्तानाने घेतला. नांगर अडकल्याने तो तेथेच सोडावा लागला. जहाज सॉल्ट बेटाजवळ पोहोचते न पोहोचते तोच वारे उलट दिशेने वाहू लागले आणि ‘रोन’ ब्लॅक रॉक पॉइंटच्या खडकांवर आदळले. तापलेल्या बॉयलरवर थंड पाणी कोसळून स्फोट झाला व जहाज दुभंगले. शंभरहून अधिक माणसे बुडाली. वाचलेल्यांची संख्या अवघी दोन डझनांच्या आसपास होती. मृतांपैकी काहींचे दफन सॉल्ट बेटावरच करण्यात आले.

१९७७ साली प्रदर्शित झालेल्या ‘द डीप’ या हॉलिवूडपटातील बुडालेल्या जहाजाची दृश्ये येथेच चित्रित झाली आणि ‘रोन’ जगभर पोहोचले. १९८० पासून हा परिसर संरक्षित सागरी उद्यान आहे. येथे नांगर टाकण्यास, मासेमारीस व तळाशी सापडलेली कोणतीही वस्तू उचलण्यास मनाई आहे.

पाण्याखाली काय दिसते?

जहाजाचे दोन मुख्य भाग वेगवेगळ्या खोलीवर आहेत. पुढचा भाग सुमारे ८० फुटांवर, म्हणजे २४ मीटरवर आडवा पडला आहे. त्याच्या सांगाड्यातून पोहत जाता येते. मागचा भाग बराच उथळ पाण्यात असून तेथे भव्य पितळी पंखा, त्याचा लांबलचक दांडा आणि सुकाणूचे अवशेष आढळतात. दीडशेहून अधिक वर्षांत लोखंडावर प्रवाळ आणि स्पंज यांनी घर केले आहे. त्यामुळे ‘रोन’ हे पाण्याखालचे सजीव संग्रहालयच वाटते.

बहुतेक सफरींत दोन बुड्या असतात. पहिली पुढच्या, खोल भागावर आणि सुमारे तासाभराच्या विश्रांतीनंतर दुसरी मागच्या, उथळ भागावर. खोल भागात साधारण अर्धा तास आणि उथळ भागात पाऊण तास धरला, तरी आठ तासांच्या दिवसातील प्रत्यक्ष पाण्याखालचा वेळ सव्वा तासाच्या आसपास भरतो. खर्चाचा विचार करताना हे प्रमाण ध्यानात ठेवावे.

प्रशिक्षणाचा हिशेब

‘ओपन वॉटर’ हे प्राथमिक प्रमाणपत्र साधारण १८ मीटरपर्यंतच्या बुडीसाठी असते. त्यापुढील ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ प्रमाणपत्र ३० मीटरपर्यंत मुभा देते. म्हणजेच ‘रोन’चा पुढचा भाग नियमानुसार पाहायचा, तर दुसऱ्या पायरीचे प्रशिक्षण हवे. केवळ प्राथमिक प्रमाणपत्र असणाऱ्याच्या वाट्याला खरे तर निम्मेच जहाज येते. प्रमाणपत्र नसलेल्यांसाठीची ‘ट्राय डाइव्ह’ १२ मीटरपर्यंत मर्यादित असते. सोबतच्या कुटुंबीयांना पोहता येत असेल व समुद्र शांत असेल, तर मागच्या भागावर स्नॉर्केलिंग करता येते; पाणी स्वच्छ असल्यास पंखा वरूनही दिसतो.

हे प्रशिक्षण सुट्टीतच उरकण्याचा अट्टहास करू नये. तारकर्लीच्या स्कूबा केंद्रात ते आधी पूर्ण करता येते, तर गोव्यात ग्रांड आयलंडजवळच्या बुडालेल्या जहाजावर बुडीचा सरावही होतो. दमा, हृदयविकार, कानाचे विकार किंवा नुकतीच झालेली शस्त्रक्रिया असल्यास निघण्यापूर्वीच डॉक्टरांचा लेखी अभिप्राय घ्यावा. बोटीवर आरोग्याचा अर्ज भरताना एका प्रश्नाला ‘होय’ असे उत्तर आले आणि पत्र जवळ नसले, तर पैसे भरूनही वरच बसून राहावे लागते.

बंदर कोणते?

‘रोन’च्या सफरी अमेरिकेच्या ताब्यातील सेंट थॉमस आणि सेंट जॉन येथूनही निघतात. पण सॉल्ट बेट ब्रिटिश हद्दीत आहे. त्यामुळे जाता-येता दोन्ही वेळा पासपोर्ट तपासणी होते आणि सफर जवळजवळ पूर्ण दिवसाची होते. भारतीय पासपोर्टधारकाकडे ब्रिटिश व्हर्जिन बेटांत प्रवेशाची परवानगी आणि अमेरिकेत पुन्हा प्रवेश देणारा वैध व्हिसा, अशी दोन्ही कागदपत्रे हवीत. अमेरिकेत स्थायिक असलेल्या अनेक मराठी कुटुंबांनाही ही अट लागू पडते. याउलट जहाज टॉर्टोला बेटावरील रोड टाऊन येथे थांबणार असेल, तर सॉल्ट बेट जवळच असल्याने अर्ध्या दिवसात परतता येते.

घड्याळाचाही घोळ लक्षात घ्यावा. व्हर्जिन बेटांची वेळ हिवाळ्यात न्यूयॉर्कच्या एक तास पुढे असते. क्रूझवरील घड्याळ व स्थानिक घड्याळ यांत फरक असल्यास तासाभराची चूक सहज होते आणि खासगी सफरीवरून उशिरा परतणाऱ्यांसाठी जहाज थांबत नाही.

पर्याय कोणते?

वेळ कमी असणाऱ्यांसाठी ग्रँड केमनमधील ‘किटिवेक’ अधिक सोयीचे आहे. अमेरिकी नौदलाचे हे पाणबुडी-बचाव जहाज जानेवारी २०११ मध्ये मुद्दाम बुडवण्यात आले. किनाऱ्यापासून ते बोटीने काही मिनिटांच्या अंतरावर, सुमारे २० मीटर पाण्यात आहे. २०१७ मधील वादळी लाटांनंतर ते कुशीवर कलले. अरुबातील ‘अँटिला’ हे जर्मन मालवाहू जहाज मे १९४० मध्ये त्याच्याच खलाशांनी बुडवले. ते इतक्या उथळ पाण्यात आहे की नवशिके आणि स्नॉर्केलिंग करणारे दोघांचेही समाधान होते. ग्रेनाडाजवळ १९६१ साली आगीनंतर बुडालेले ‘बियांका सी’ मात्र सुमारे ५० मीटरपर्यंत खोल असल्याने केवळ अनुभवी पाणबुड्यांनीच त्याच्या वाटेला जावे.

निर्णय कसा घ्यावा?

‘अ‍ॅडव्हान्स्ड’ प्रमाणपत्र असेल आणि मुक्काम टॉर्टोलात किंवा जवळच्या बेटावर असेल, तर ‘रोन’साठी दिवस जरूर द्यावा. क्रूझ सेंट थॉमसला थांबणार असेल, प्राथमिक प्रमाणपत्रच असेल किंवा कुटुंबातील निम्मे सदस्य पाण्याबाहेर राहणार असतील, तर हा बेत पुढच्या प्रवासासाठी राखून ठेवावा. ‘किटिवेक’ किंवा ‘अँटिला’ अधिक आनंद देईल. एकाहून अधिक बुड्यांनंतर किमान १८ तास विमानप्रवास टाळावा लागतो, म्हणून परतीच्या आदल्या दिवशी हा बेत आखू नये. जून ते नोव्हेंबर हा चक्रीवादळांचा हंगाम असल्याने त्या काळात पैसे परत मिळण्याची अट आधी वाचावी.

सकाळी समुद्र खवळलेला दिसला, तर भरलेल्या पैशांचा मोह सोडून माघार घेण्यात कमीपणा नाही. ‘रोन’ जेथे विसावले आहे, तेथे वादळातील थोड्या उसंतीवर विसंबून निघालेल्या शंभरहून अधिक जणांचा अंत झाला होता, याचे स्मरण पाण्यात उतरणाऱ्याने ठेवावे.