डिफरन्शियल, रेडिओ-नियंत्रित ऑफ-रोड ट्रकांमधील

डिफरन्शियल : एका आसावरच्या दोन चाकांना एकाच मोटरीची किंवा इंजिनाची शक्ती देणारी, पण वळणावर त्यांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारी दंतचक्रांची जुळणी. रेडिओ-नियंत्रित ऑफ-रोड ट्रकांत, म्हणजे मुख्यतः १/१० आणि १/८ प्रमाणाच्या प्रतिकृतींत, ही जुळणी आगपेटीहून फारशी मोठी नसते. तरी तिचे काम मालट्रकच्या मागच्या आसातल्या डिफरन्शियलपेक्षा वेगळे नाही. हौशी लोकांच्या बोलण्यात तिला नुसते ‘डिफ’ म्हणतात. या नोंदीत आधी पुण्याच्या खडकी परिसरातली उदाहरणे आणि मग तिचे कार्य, इतिहास, प्रकार आणि सुधारणेच्या पद्धती दिल्या आहेत.

खडकी परिसरातील संदर्भ : पुण्याचा खडकी भाग चाकांच्या आणि पट्ट्यांच्या वाहनांशी जुना परिचय असलेला आहे. येथे बॉम्बे सॅपर्सचे केंद्र, चिलखती वाहनांचा मध्यवर्ती लष्करी डेपो आणि ५१२ आर्मी बेस वर्कशॉप आहे. मुळा नदीवरचा हॅरिस पूल ओलांडला की दापोडीला एसटीची मध्यवर्ती कार्यशाळा आणि लष्करी अभियांत्रिकी महाविद्यालय लागते. त्याच जुन्या मुंबई रस्त्याने पुढे आकुर्डी येते. तेथील बजाज ऑटो आणि बजाज टेम्पो (आताची फोर्स मोटर्स) या दोन कारखान्यांच्या तीनचाकी गाड्या पाहिल्या, तर डिफरन्शियल कोठे लागते आणि कोठे लागत नाही हे पुस्तकाशिवाय कळते. रिक्षाची मागची दोन्ही चाके शक्तीवर चालतात, म्हणून तिला डिफरन्शियल लागते. जुन्या तीनचाकी टेम्पोचे इंजिन पुढच्या एकाच चाकाला साखळीने फिरवत असे. चालणारे चाक एकच असल्यामुळे त्याला डिफरन्शियलची गरजच नव्हती.

रणगाड्यात हेच तत्त्व उलट दिशेने वापरले जाते. ट्रक वळतो म्हणून त्याच्या चाकांच्या गतीत फरक पडतो. रणगाड्याच्या दोन पट्ट्यांच्या गतीत फरक पाडला जातो म्हणून तो वळतो. टी-७२ रणगाड्यात तर मधले डिफरन्शियल नसतेच. दोन्ही बाजूंना स्वतंत्र गिअरबॉक्स असतात आणि वळताना आतल्या बाजूचा खालच्या गिअरमध्ये येतो. दुरून चालवायची गाडी हीसुद्धा पुण्यात केवळ हौसेची गोष्ट नाही. बॉम्ब निकामी करण्यासाठी वापरला जाणारा ‘दक्ष’ हा दूरनियंत्रित यंत्रमानव दिघी येथील संरक्षण संशोधन प्रयोगशाळेत घडला.

कार्य : मोटरीकडून येणाऱ्या दांड्याच्या टोकाला पिनियन हे लहान दंतचक्र असते. ते क्राऊन या मोठ्या दंतचक्राला फिरवते. क्राऊनला एक बंद डबी जोडलेली असते. डबीत आडव्या पिनेवर दोन किंवा चार स्पायडर गिअर आणि त्यांच्या दोन्ही अंगांना एकेक साइड गिअर असतो. साइड गिअरचे टोक डबीबाहेर कपाच्या आकारात येते आणि त्यातून चाकाकडे जाणारा दांडा फिरतो. क्राऊनला ४३ आणि पिनियनला १० दात असतील, तर पिनियनच्या ४.३ फेऱ्यांत क्राऊनची एक फेरी होते.

गाडी सरळ चालली असता स्पायडर गिअर स्वतःभोवती फिरत नाहीत; सगळी डबी एकसंध फिरते. वळणावर ते स्वतःभोवती फिरू लागतात आणि आतल्या चाकाची जितकी गती कमी होते तितकीच बाहेरच्या चाकाची वाढते. क्राऊनची गती नेहमी दोन चाकांच्या गतींची सरासरी असते. उदाहरणार्थ, दोन चाकांत ३० सेंमी अंतर आणि १० सेंमी व्यासाची चाके असलेला ट्रक १ मीटर त्रिज्येच्या वर्तुळात एक फेरी मारतो. तेवढ्यात आतले चाक १७ वेळा, बाहेरचे २३ वेळा आणि क्राऊन २० वेळा फिरते. डिफरन्शियल नसते तर या सहा फेऱ्यांचा फरक टायरला घासून भरून काढावा लागला असता.

याच गुणात साध्या डिफरन्शियलचा दोषही आहे. ते गती वाटून देते, पण दोन्ही चाकांना पिळाचे बल सारखेच देते. एक चाक खडकावर असून १० एकक बल पेलू शकते आणि दुसरे ओल्या चिखलात असून फक्त २ एकक पेलते, असे समजा. अशा वेळी दोघांनाही दोनच एकक मिळतात आणि गाडीला एकूण चार. चिखलातले चाक गरगर फिरते, खडकावरचे थांबून राहते आणि गाडी रुतते. दोन्ही चाके एकमेकांना पक्की बांधली असती, तर बारा एकक मिळाले असते. डिफरन्शियल सुधारणे म्हणजे या चार आणि बारा यांच्यामधली योग्य जागा शोधणे.

इतिहास : फ्रेंच कारागीर ओनेसिफोर पेकर याने १८२८ च्या सुमारास वाफेच्या गाडीसाठी डिफरन्शियलचे पेटंट घेतले. इंग्लंडमध्ये जेम्स स्टार्ली याने १८७७ मध्ये ते तीनचाकी सायकलीला बसवले. दोन शेजारची चाके शक्तीवर चालवायची ही त्याची अडचण आजच्या रिक्षाच्या जातीचीच होती. रेडिओ-नियंत्रित गाड्यांत जपानच्या तामिया कंपनीने १९७६ मध्ये पोर्शे ९३४ ची प्रतिकृती आणि १९७९ मध्ये वाळूवर धावणाऱ्या गाड्या आणल्या. इंग्लंडमध्ये सेसिल शूमाखर यांनी १९८० च्या सुमारास बॉल डिफरन्शियल प्रचारात आणले. तामियाच्या १९८७ मधल्या ‘क्लॉड बस्टर’ या मॉन्स्टर ट्रकमध्ये दोन्ही आसांवर स्वतंत्र मोटर आणि डिफरन्शियल होते. २०१७ मध्ये ट्रॅक्ससच्या ‘टीआरएक्स-४’ या गाडीत हातातल्या रिमोटवरून पुढचे व मागचे डिफरन्शियल वेगवेगळे लॉक करण्याची सोय आली. भारतात २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यातील कमी शक्तीची उपकरणे २००५ पासून परवान्याविना वापरता येतात. आजचे बहुतेक रिमोट याच पट्ट्यावर चालतात.

प्रकार : (१) गिअर डिफरन्शियल. वर वर्णन केलेला प्रकार. डबीत सिलिकोन तेल भरून त्याचा अडसर कमी-जास्त करता येतो. ऑफ-रोड ट्रकांत हाच सर्वाधिक आढळतो. (२) बॉल डिफरन्शियल. दोन गुळगुळीत चकत्यांत पोलादी किंवा सिरॅमिक गोळ्या दाबून बसवलेल्या असतात. मधला स्क्रू कमी-जास्त आवळून अडसर ठरवता येतो. हलक्या गाड्यांत ते उत्तम चालते. जड ट्रकच्या धक्क्यांनी गोळ्या घसरतात आणि चकत्यांवर चर पडतात. (३) स्पूल किंवा कायम लॉक. दोन्ही चाके एकाच दांड्याला बांधलेली. खडकांवर चढणाऱ्या क्रॉलर गाड्यांत नेहमी दिसते. (४) हवे तेव्हा लॉक होणारे. लहान सर्व्होने, म्हणजे रिमोटच्या इशाऱ्यावर हलणाऱ्या मोटरीने, सरकणारा खटका साइड गिअरला डबीशी जोडतो.

सुधारणेची पहिली पायरी – दातांची बैठक : नवे भाग घेण्याआधी क्राऊन आणि पिनियन एकमेकांत कसे बसले आहेत ते पाहावे. दोघांत थोडा ‘प्ले’, म्हणजे मोकळीक, लागतो. तो फार असला तर दात टोकाशीच भिडतात आणि धक्का बसताच तुटतात. अगदी नसला तर मोटर तापते आणि दात झिजतात. क्राऊनच्या बाजूला ०.१ ते ०.२ मिमी जाडीच्या पातळ चकत्या, म्हणजे शिम, घालून ही बैठक जुळवतात. हाताने चाक फिरवल्यावर दात एका लयीत सरकले पाहिजेत. कोठे अडकत असेल तर एक शिम काढावा, खडखडत असेल तर एक घालावा. नव्या गाडीतही ही बैठक ढिली असू शकते. अनेक फुटलेल्या डिफरन्शियलांचे मूळ कारण कमकुवत धातू नसून हा ढिलेपणा असतो, म्हणून स्वस्त चकतीचे काम महागड्या गिअरच्या आधी करावे.

दुसरी पायरी – तेल : डबीतल्या सिलिकोन तेलाचा घट्टपणा सेंटिस्टोक या एककात मोजतात. पाण्याचा घट्टपणा सुमारे १ सेंटिस्टोक असतो. डिफरन्शियलची तेले १,००० पासून ५,००,००० पर्यंत मिळतात. तेल घट्ट केले की स्पायडर गिअरला फिरायला जड जाते आणि दोन चाकांतला गतीचा फरक कमी होतो. १/८ प्रमाणाच्या चारचाकी चालीच्या गाड्यांत पुढे, मध्ये (पुढच्या व मागच्या आसांच्या दरम्यान) आणि मागे अशी तीन डिफरन्शियल असतात. त्यांत अनुक्रमे ५,०००, ७,००० आणि ३,००० ही जोडणी सुरुवातीसाठी रूढ आहे.

मधले तेल पातळ असेल तर वेग देताच पुढची हलकी झालेली चाके गरगर फिरतात आणि शक्ती वाया जाते. घट्ट केले की मागची चाके जोर धरतात. पुढचे तेल घट्ट केल्यास वळणात शिरताना गाडी स्थिर राहते आणि वेग देताना पुढची चाके तिला ओढून नेतात, पण वेग सोडल्यावर ती कमी वळते. मागचे तेल पातळ ठेवल्यास वळणात पकड वाढते. एका वेळी एकाच डबीतले तेल बदलावे, नाहीतर कोणत्या बदलाने काय झाले ते कळत नाही.

तेल काठोकाठ भरू नये. आडवी पिन बुडेल इतके भरावे, गिअर हाताने फिरवून घ्यावेत आणि हवेचे बुडबुडे वर येईपर्यंत डबी उघडी ठेवावी. घट्ट तेलात यासाठी एक रात्र लागते. डबीच्या पॅकिंगला आणि साइड गिअरच्या रबरी कड्यांना चीर गेलेली नाही हे पाहावे. कडी नायट्राइल रबराची असावीत. सिलिकोन रबर सिलिकोन तेलात फुगते.

तेल की लॉक : येथे सर्वांत जास्त गल्लत होते. सिलिकोन तेलाचा अडसर गतीच्या फरकावर अवलंबून असतो. चाके एकमेकांपेक्षा जितकी वेगाने फिरू पाहतात तितके तेल जास्त विरोध करते. धावत्या ट्रकला म्हणूनच ते मानवते. पण दगडावर इंचाइंचाने चढणाऱ्या क्रॉलरचे अधांतरी चाक सावकाश फिरत असते. त्या गतीला पाच लाख सेंटिस्टोकचे तेलही पुरेसे अडवत नाही. तेथे लॉकच हवा. लॉक केलेली गाडी मात्र मोठ्या वर्तुळात वळते, डांबरी रस्त्यावर टायर घासते आणि दांड्यांचे सांधे पिळवटून तोडते. मालट्रकचा चालक डिफ लॉक मोकळ्या, घसरड्या जमिनीवर लावतो आणि पक्क्या रस्त्यावर येताच काढतो. प्रतिकृतीलाही तोच नियम लागू आहे. डबीत एपॉक्सी ओतून लॉक करण्याची युक्ती स्वस्त आहे, पण मग ते गिअर पुन्हा मोकळे करता येत नाहीत. ज्याला एकाच गाडीने मैदान आणि खडक दोन्ही करायचे आहेत, त्याने सर्व्होचा लॉक घ्यावा.

तिसरी पायरी – धातू आणि डबी : मूळ गाडीतले गिअर बहुधा ओतीव मिश्रधातूचे किंवा दाबून भाजलेल्या धातूच्या भुकटीचे असतात. ब्रशलेस मोटर आणि लिथियम बॅटरी बसवली की पिळाचे बल वाढते आणि हे दात टिकत नाहीत. कातून कडक केलेले पोलादी क्राऊन-पिनियन त्यावर उपाय आहे. सरळ दातांऐवजी तिरप्या, सर्पिल दातांची जोडी एका वेळी जास्त दात भिडवते, म्हणून आवाज कमी होतो आणि भार वाटला जातो. बाहेरची प्लास्टिकची पेटी जोरात वाकत असेल तर पोलादी दातही एकमेकांपासून सरकतात. अशा वेळी ॲल्युमिनियमची पेटी किंवा निदान बेअरिंगच्या जागा घट्ट करणे आवश्यक असते. एक भाग मजबूत केला की मोडण्याची जागा पुढच्या कमकुवत भागाकडे सरकते. म्हणून घसरता क्लच, म्हणजे जास्त बल आले की घसरणारी मोटरीकडची जोडणी, थोडा ढिला ठेवून उडीनंतरचा धक्का त्याला सोसू द्यावा.

जमीन आणि हवामान : खडकीसकट सारे पुणे दख्खनच्या बेसाल्टवर वसले आहे. वर मुरूम, कोठे काळी माती आणि त्यांतून डोकावणारा खडक अशी येथील मोकळी जमीन असते. कोरड्या मुरुमावर वरचे खडे घसरतात आणि खालचा थर कडक असतो. तेथे फार घट्ट तेलाने गाडी वळताना सरकत जाते. पावसाळ्यात काळी माती टायरला लगडून चाके जड करते आणि पाणी बेअरिंगमध्ये शिरते. चिखलातून आणलेला ट्रक त्याच दिवशी उघडून, पुसून आणि बेअरिंगला तेल देऊन ठेवावा. उन्हाळ्यात हवा ४० अंशांजवळ जाते आणि चालत्या डबीत तापमान त्याहून वाढते. सिलिकोन तेल तापूनही इतर तेलांइतके पातळ होत नाही, तरी मार्चनंतर एक पायरी घट्ट तेल घेणे उपयोगी पडते.

मूल्यमापन : सुधारणेचा क्रम आधी बैठक, मग तेल, मग धातू आणि शेवटी लॉक असा असावा. पहिल्या दोन पायऱ्यांना खर्च अल्प आणि संयम पुष्कळ लागतो, आणि बहुतेक ट्रकांना त्या दोनच पुरतात. ज्या मुलाने स्वतःच्या हाताने शिम घालून एकदा क्राऊन-पिनियन बसवले आहे, त्याला रिक्षाचा मागचा आस समजावून सांगावा लागत नाही.