साखर वाढण्याआधीच टाइप १ डायबिटीसची चाहूल: अँटीबॉडी टेस्ट नेमकं काय सांगते?

मूल सारखं पाणी पितंय, रात्री लघवीला उठतंय, वजन उतरतंय. उन्हाळा आहे, उंची वाढतेय, असं म्हणून घरचे सोडून देतात. मग एक दिवस उलट्या होतात, धाप लागते आणि थेट आयसीयू गाठावं लागतं. टाइप १ डायबिटीस अनेक घरांत असाच कळतो. पण तो त्या दिवशी सुरू झालेला नसतो. काही महिने, कधी काही वर्षं आधीच त्याच्या खुणा रक्तात उमटलेल्या असतात.

टेस्टमध्ये काय शोधतात?

टाइप १ हा ऑटोइम्यून आजार आहे. गोड जास्त खाल्ल्याने तो होत नाही. शरीराची रोगप्रतिकारशक्तीच स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशी नष्ट करते. हा हल्ला सुरू असताना रक्तात काही अँटीबॉडी दिसतात. इन्सुलिन, जीएडी, आयए-२ आणि झिंक ट्रान्सपोर्टर ८ यांच्या विरोधातल्या चार अँटीबॉडी प्रामुख्याने तपासतात.

पॉझिटिव्ह आली म्हणजे डायबिटीस झाला का?

नाही. किती अँटीबॉडी सापडल्या, हे महत्त्वाचं. जर्मनी, फिनलंड आणि अमेरिकेतल्या मुलांवरचा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. एकच अँटीबॉडी असलेल्यांपैकी सुमारे १५ टक्के मुलांना १० वर्षांत डायबिटीस झाला. दोन किंवा अधिक असलेल्यांमध्ये हे प्रमाण ७० टक्के होतं.

म्हणूनच दोन अँटीबॉडी आणि नॉर्मल साखर हा आजाराचा पहिला टप्पा मानतात. साखर थोडी बिघडली की दुसरा आणि प्रत्यक्ष डायबिटीस झाला की तिसरा. रिपोर्ट पॉझिटिव्ह आल्यास पुन्हा रक्त घेऊन खात्री करतात.

आधी कळून फायदा काय?

आजार पूर्णपणे रोखणारं औषध अजून नाही. पण घरचे सावध राहतात आणि डायबेटिक कीटोअॅसिडोसिस, म्हणजेच जिवावर बेतणारा डीकेए टाळता येतो. जर्मनीतल्या बव्हेरियात २०१५ ते २०१९ दरम्यान ९०,६३२ लहान मुलांची तपासणी झाली. २८० मुलांमध्ये आजाराची सुरुवात आढळली. पुढे त्यांतल्या फक्त दोघांवर डीकेएची वेळ आली.

शिवाय २०२२ मध्ये अमेरिकेने टेप्लिझुमॅब या औषधाला मंजुरी दिली. ती मंजुरी दुसऱ्या टप्प्यातल्या, ८ वर्षांवरच्या रुग्णांसाठी होती. चाचण्यांमध्ये त्याने तिसरा टप्पा सरासरी दोन वर्षं लांबवला. शाळकरी मुलासाठी इन्सुलिनच्या इंजेक्शनविना दोन वर्षं ही छोटी गोष्ट नाही.

टेस्ट कोणी करावी?

आई, वडील किंवा सख्ख्या भावंडाला टाइप १ असेल, तर धोका इतरांपेक्षा सुमारे १५ पट असतो. अशा घरांनी डॉक्टरांशी बोलावं. मात्र बहुतांश रुग्णांच्या घरात हा आजार आधी कुणालाच नसतो. म्हणूनच इटलीने २०२३ मध्ये कायदा करून सर्व मुलांसाठी तपासणीचा मार्ग खुला केला.

भारतात अशी सरसकट तपासणी होत नाही. मोठ्या खासगी लॅबमध्ये या टेस्ट होतात. पण डायबिटीस झाल्यावर तो टाइप १ की टाइप २, हे ठरवायलाच त्या जास्त वापरल्या जातात.

आणखी एक गोष्ट. आज टेस्ट निगेटिव्ह आली, तरी अँटीबॉडी नंतर तयार होऊ शकतात. त्यामुळे सतत तहान, वारंवार लघवी आणि घटणारं वजन दिसलं, तर अँटीबॉडीच्या रिपोर्टची वाट पाहू नका. त्याच दिवशी बोटातून रक्त घेऊन साखर तपासा.