तारामासे, क्रिटेशस : नव्या जातींची निश्चिती

क्रिटेशस कल्पातील (सु. १४.५ ते ६.६ कोटी वर्षांपूर्वी) तारामाशांच्या नव्या जाती बहुधा अखंड जीवाश्मांवरून नव्हे, तर सुट्या अस्थिकांवरून ओळखल्या जातात. तारामाशाचा सांगाडा शेकडो कॅल्साइटी अस्थिकांचा असून त्यांना मऊ ऊती सांधून ठेवतात. प्राणी मेल्यावर हा सांगाडा लवकरच विखुरतो. अचानक गाळाखाली गाडला गेलेला तारामासाच सबंध टिकतो. इंग्लंड, डेन्मार्क, जर्मनी आणि नेदरलँड्समधील मास्ट्रिक्ट परिसरातल्या खडूच्या थरांत मात्र सुट्या अस्थिका विपुल मिळतात.

लक्षणे : सर्वांत बोलक्या ठरतात त्या कडेच्या अस्थिका, म्हणजे पट्टिका. त्या जाड व टिकाऊ असतात आणि वरच्या व खालच्या अशा दोन ओळींत बसतात. पट्टिकेची उंची, बाक, मधला खडबडीत भाग, तसेच कण व काटे जिथे टेकत तिथले खळगे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. मेटोपास्टर या प्रजातीत भुजेच्या टोकाची वरची पट्टिका इतरांपेक्षा ठळकपणे मोठी, त्रिकोणी असते.

खरी कसोटी पुढे असते. एकाच प्राण्याच्या भुजेच्या बुडाशी आणि टोकाशी पट्टिकांचा आकार बदलतो. पिल्लू व प्रौढ यांतही फरक पडतो. त्यामुळे ‘नवी जात’ एखाद्या परिचित जातीचे पिल्लूच निघू शकते. एका पट्टिकेवर विसंबण्याऐवजी त्याच थरातील लहान-मोठ्या पट्टिकांची वाढीच्या क्रमाने मांडणी करणे म्हणूनच अत्यावश्यक.

इतिहास : एडवर्ड फोर्ब्झ यांनी १८४८ मध्ये ब्रिटनमधील जीवाश्म तारामाशांवर लिहिले. त्यांनी वर्णिलेली, आज मेटोपास्टर पार्किन्सनाय म्हणून ओळखली जाणारी जात जेम्स पार्किन्सन यांच्या नावाची. कंपवातावर १८१७ मध्ये निबंध लिहिणारे हे वैद्य जीवाश्मांचेही मोठे अभ्यासक होते. पर्सी स्लेडन यांनी १८९१ मध्ये सुरू केलेला ब्रिटिश क्रिटेशस तारामाशांवरील ग्रंथ त्यांच्या निधनानंतर (१९००) डब्ल्यू. के. स्पेन्सर यांनी पूर्ण केला. डेन्मार्कमधील जातींवर रासमुसेन यांचा ग्रंथ १९५० मध्ये निघाला.

वर्गीकरण : अँड्र्यू गेल व डॅनियल ब्लेक यांनी १९८७ मध्ये स्वतंत्रपणे मांडलेल्या वंशवृक्षांत मतभेद आहेत. तोंडाभोवतीच्या व नलिकापादांच्या खोबणीतील अस्थिकांना त्यानंतर अधिक महत्त्व आले.

नामकरण : एका निवडलेल्या नमुन्याला (होलोटाइप) नाव जोडले जाते.