मुंडश्शेरी, जोसेफ
(१७ जुलै १९०३ – २५ ऑक्टोबर १९७७). मल्याळम् साहित्यसमीक्षक, प्राध्यापक, विधिमंडळ सदस्य व केरळ राज्याचे पहिले शिक्षणमंत्री. त्यांचा जन्म त्रिचूरजवळील कंडश्शांकडव येथे एका कॅथलिक ख्रिस्ती कुटुंबात झाला. हा प्रदेश तेव्हा कोचीन संस्थानात मोडत असे. पदार्थविज्ञान घेऊन पदवी मिळविल्यानंतर ते संस्कृत व मल्याळम् ह्या विषयांकडे वळले. त्रिचूरच्या सेंट टॉमस महाविद्यालयात पौर्वात्य भाषांचे प्राध्यापक म्हणून त्यांनी १९५२ पर्यंत अध्यापन केले. हे महाविद्यालय चर्चच्या व्यवस्थापनाखालील होते. खाजगी संस्थेतील अध्यापकाची स्थिती म्हणजे काय, हे त्यांनी तेथे दीर्घकाळ जवळून पाहिले. पुढे शिक्षणमंत्री म्हणून त्यांनी जे विधेयक मांडले, त्याची मुळे ह्या अनुभवात आहेत, असे म्हणता येते. त्यांची प्रोफेसर ही कादंबरीही खाजगी महाविद्यालयातील अध्यापकाच्या जीवनावरच आहे.

विधिमंडळात येण्यापूर्वीच समीक्षक म्हणून त्यांचे नाव झाले होते. एम्. पी. पॉल, कुट्टिकृष्ण मारार आणि मुंडश्शेरी हे आधुनिक मल्याळम् समीक्षेचे तीन आधारस्तंभ मानले जातात. काव्यपीठिका ह्या ग्रंथात त्यांनी संस्कृत साहित्यशास्त्र आणि पाश्चात्त्य काव्यविचार ह्यांची सांगड घातली. मानदंडम्, अंतरीक्षम्, नाटकान्तं कवित्वम् हे त्यांचे इतर समीक्षाग्रंथ होत. साहित्य समाजाभिमुख असावे, ह्या मताचे ते पुरस्कर्ते होते व पुरोगामी लेखकांच्या चळवळीत त्यांना मानाचे स्थान होते. तथापि आशय कितीही प्रगत असला, तरी रूपाचे सौष्ठव नसेल, तर त्याला साहित्य म्हणता येणार नाही, असा आग्रह त्यांनी १९४० नंतरच्या दशकात धरला. ‘रूपभद्रता’ ह्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ह्या भूमिकेवरून कम्युनिस्ट विचारवंतांशी त्यांचा कडाक्याचा वाद झाला आणि त्या वादात ती संघटना दुभंगली. विरोधी बाजूच्या प्रमुखांत ई. एम्. एस्. नंबूद्रीपाद हे होते. पुढे दहा वर्षांच्या आतच मुंडश्शेरी त्यांच्याच मंत्रिमंडळात शिक्षणमंत्री झाले. त्यांच्यावर पक्षाचे आंधळे अनुयायी असल्याचा आरोप नंतर झाला. त्याचा विचार करताना हा पूर्वेतिहास ध्यानात घेणे आवश्यक आहे.

त्यांचा संसदीय जीवनातील प्रवेश १९४८ मध्ये कोचीन विधिमंडळाच्या निवडणुकीने झाला. १ जुलै १९४९ रोजी त्रावणकोर व कोचीन ही संस्थाने एकत्र आली. ह्या संयुक्त राज्याच्या विधानसभेवर ते १९५४ मध्ये निवडून आले. भाषावार पुनर्रचनेनंतर १ नोव्हेंबर १९५६ रोजी केरळ राज्य अस्तित्वात आले व १९५७ च्या आरंभी तेथे पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली. १२६ निर्वाचित जागांपैकी कम्युनिस्ट पक्षाला ६० जागा मिळाल्या. पाठिंबा देणाऱ्या अपक्षांच्या बळावर ५ एप्रिल १९५७ रोजी नंबूद्रीपाद मंत्रिमंडळ अधिकारावर आले. मणलूर मतदारसंघातून निवडून आलेल्या मुंडश्शेरींकडे शिक्षण व सहकार ही खाती सोपविण्यात आली.

केरळात शिक्षणाचा प्रसार भारतातील इतर भागांपेक्षा बराच आधी झाला होता. परंतु त्याची व्यवस्था मोठ्या प्रमाणावर खाजगी हाती होती. ख्रिस्ती चर्च, नायर सर्व्हिस सोसायटी, श्री नारायण धर्म परिपालन योगम् यांसारख्या जातिधर्माधिष्ठित संस्था आणि अनेक व्यक्तिगत व्यवस्थापक शाळा चालवीत. शाळांना सरकारी अनुदान मिळे. तरीही शिक्षकाची नेमणूक, पगार व बडतर्फी ह्या सर्वच बाबी व्यवस्थापकाच्या मर्जीवर अवलंबून असत. शिक्षकाने सही करायची एका रकमेवर आणि हाती पडायची त्याहून कमी रक्कम, ही सार्वत्रिक तक्रार होती. नेमणुकीसाठी देणगी घेण्याची प्रथाही रूढ होती. हा प्रश्न कम्युनिस्टांनी नव्याने उकरून काढला, असे मात्र नव्हे. त्रावणकोरचे दिवाण सर सी. पी. रामस्वामी अय्यर ह्यांनी १९४५ च्या सुमारास प्राथमिक शिक्षण सरकारच्या ताब्यात घेण्याचा घाट घातला, तेव्हा चंगनाश्शेरीच्या बिशपांनी त्याविरुद्ध जाहीर पत्रक काढले होते. पुढे त्रावणकोर-कोचीन राज्यात काँग्रेसचे शिक्षणमंत्री पनंपिळ्ळी गोविंद मेनन ह्यांनी माध्यमिक शिक्षकांचे पगार सरकारने देण्याची व शुल्कातील मोठा वाटा सरकारजमा करण्याची योजना मांडली. तिलाही व्यवस्थापकांनी विरोध केला. मुंडश्शेरींनी हेच सूत्र पुढे नेले. परंतु ते पुष्कळच पुढे नेले.

केरळ शिक्षण विधेयक जुलै १९५७ मध्ये प्रसिद्ध होऊन विधानसभेत मांडले गेले. ते प्रवर समितीकडे जाऊन आल्यावर २ सप्टेंबर १९५७ रोजी संमत झाले. अनुदानित शाळांतील शुल्क सरकारजमा व्हावे व शिक्षकांचे वेतन सरकारने थेट द्यावे (खंड ८ व ९). शिक्षकांची निवड राज्य लोकसेवा आयोगाने तयार केलेल्या यादीतूनच व्हावी (खंड ११). सेवाशर्ती सरकारने ठरवाव्यात व बडतर्फी आणि पदावनती ह्यांवर सरकारी अधिकाऱ्याचे नियंत्रण असावे (खंड १२), ह्या त्यातील प्रमुख तरतुदी होत. व्यवस्थापकाने कर्तव्यात कसूर केल्यास शाळेचे व्यवस्थापन पाच वर्षांपर्यंत सरकारने हाती घ्यावे (खंड १४) आणि विशिष्ट क्षेत्रातील एखाद्या वर्गाच्या अनुदानित शाळा मोबदला देऊन संपादन कराव्यात (खंड १५), असेही अधिकार सरकारला मिळणार होते. प्राथमिक वर्गांत शुल्क घेण्यास खंड २० ने मनाई केली होती.

वस्तुतः ह्या विधेयकात तीन निरनिराळे प्रश्न एकत्र गुंफले गेले होते. शिक्षकाला पूर्ण व नियमित वेतन मिळावे, ह्या पहिल्या प्रश्नाला उघड विरोध करणे कोणालाच शक्य नव्हते. दुसरा प्रश्न नेमणुकीच्या अधिकाराचा. लोकसेवा आयोगाने निवड करताना मागासवर्गीयांसाठी राज्यघटनेच्या अनुच्छेद १६(४) खाली केलेल्या तरतुदी ध्यानात घ्याव्यात, असे खंड ११ मध्ये नमूद होते. त्यामुळे ख्रिस्ती व नायर ह्या दोन्ही समाजांच्या संस्थांना आपल्या शाळांतील जागा आपल्या हातून जातील, अशी धास्ती वाटली. एरवी परस्परांशी फारसे सख्य नसलेले हे दोन समाज एका छावणीत कसे आले, ह्याचे उत्तर बऱ्याच अंशी ह्या एका ओळीत सापडते. तिसरा प्रश्न संपादनाचा. खंड १४ व १५ प्रत्यक्षात क्वचितच वापरावे लागले असते. पण कम्युनिस्ट सरकार शाळा गिळंकृत करणार, ह्या प्रचाराला त्यांनी आयताच आधार पुरविला. पहिल्या दोन प्रश्नांची तड लागेपर्यंत तिसऱ्याला हात न घालण्याचे धोरण मुंडश्शेरींनी ठेवले असते, तर संघर्ष टळला असता असे नाही; पण शिक्षकवर्गाचे हित त्यात इतके झाकले गेले नसते. वर्गात विषय सर्व बाजूंनी पूर्ण मांडण्याची अध्यापकाची सवय विधिमंडळात नेहमीच लाभदायक ठरते, असे नाही.

राज्यपालांनी विधेयक राष्ट्रपतींच्या संमतीसाठी राखून ठेवले. राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद ह्यांनी घटनेच्या अनुच्छेद १४३ नुसार २६ डिसेंबर १९५७ रोजी सर्वोच्च न्यायालयाचा अभिप्राय मागविला. राज्य विधिमंडळाने संमत केलेले विधेयक अशा रीतीने न्यायालयाकडे धाडले जाण्याचा हा पहिलाच प्रसंग. केरळच्या बाजूने इंग्लंडमधील नामांकित बॅरिस्टर डी. एन्. प्रिट उभे राहिले. सरन्यायाधीश सुधीरंजन दास ह्यांच्या अध्यक्षतेखालील सात न्यायाधीशांच्या पीठाने २२ मे १९५८ रोजी अभिप्राय दिला. न्यायमूर्ती वेंकटराम अय्यर ह्यांनी काही मुद्यांवर वेगळे मत नोंदविले. कायद्याच्या क्षेत्रात ज्या समाजाची संस्था आहे, तो त्या ठिकाणी बहुसंख्य असल्यास त्याला अल्पसंख्य मानू नये, हा राज्याचा युक्तिवाद न्यायालयाने स्वीकारला नाही. कायदा सबंध राज्याला लागू असल्याने गणनाही सबंध राज्याच्या लोकसंख्येवरूनच केली पाहिजे, असे ते म्हणाले. सु. १ कोटी ४२ लक्ष लोकसंख्येत ख्रिस्ती सु. ३४ लक्ष असल्याने ते अल्पसंख्य ठरले. संस्था चालविण्याच्या हक्कात ती वाईट रीतीने चालविण्याचा हक्क येत नाही, म्हणून अनुदानाबरोबर वाजवी नियंत्रणे घालता येतात, हे तत्त्व न्यायालयाने मान्य केले. त्यानुसार वेतन, सेवाशर्ती व नेमणुका ह्यांविषयीचे खंड ग्राह्य ठरले. खंड ११ व १२ ही व्यवस्थापनाच्या हक्कावरील गंभीर आक्रमणे आहेत, तरीही ती तूर्त चालू शकतात, असा अभिप्राय त्यांविषयी दिला गेला. खंड १४ व १५ मात्र अल्पसंख्याकांच्या अनुदानित शाळांपुरते अनुच्छेद ३०(१) शी विसंगत ठरले. केवळ मान्यता घेणाऱ्या अल्पसंख्याकांच्या शाळांवर खंड २० लादणेही घटनाबाह्य ठरले; कारण शुल्क नाही आणि अनुदानही नाही, अशा स्थितीत शाळा चालणार नाहीत.

अभिप्रायानुसार सुधारलेले विधेयक नोव्हेंबर १९५८ मध्ये पुन्हा संमत झाले व १९ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळून त्याचे अधिनियमात रूपांतर झाले (१९५९ चा अधिनियम ६). मुंडश्शेरींच्या दृष्टीने हा न्यायालयीन विजयच होता. पण तोवर लढा न्यायालयाबाहेर गेला होता. नव्या पाठ्यपुस्तकांतून कम्युनिस्ट विचार पेरले जात आहेत, हा आरोप त्यात भर घालीत होता. जमीन सुधारणेच्या विधेयकाने नायर जमीनदार दुखावले होते. नायर सर्व्हिस सोसायटीचे मन्नत्तु पद्मनाभन् ह्यांच्या नेतृत्वाखाली व चर्च, काँग्रेस आणि इतर विरोधी पक्ष ह्यांच्या सहभागाने १२ जून १९५९ रोजी ‘विमोचन समरम्’ (मुक्तिलढा) सुरू झाला. उन्हाळी सुटीनंतर खाजगी शाळा उघडावयाच्याच नाहीत, असा निर्धार अनेक व्यवस्थापकांनी केला. १३ जून रोजी अंगमाली येथील गोळीबारात सात माणसे मृत्यू पावली. अखेर ३१ जुलै १९५९ रोजी अनुच्छेद ३५६ खाली मंत्रिमंडळ बरखास्त होऊन राष्ट्रपती राजवट लागू झाली. विधानसभेत बहुमत असलेले सरकार अशा रीतीने दूर करण्याच्या औचित्याविषयी त्यानंतर सतत वाद होत आला आहे.

१९६० च्या निवडणुकीत कम्युनिस्ट पक्षाच्या जागा २९ पर्यंत घसरल्या. नव्या संयुक्त मंत्रिमंडळाने त्याच वर्षी अधिनियमात दुरुस्ती करून खंड ११ चा आशय बदलला. आवश्यक अर्हता असलेल्या व्यक्तींतून शिक्षक नेमण्याचा अधिकार पुन्हा व्यवस्थापकांकडे गेला. सरकारने थेट वेतन देण्याची तरतूद मात्र कायम राहिली. तिला हात लावण्याचे धैर्य पुढील कोणत्याच सरकारला झाले नाही. वेतन सरकारचे आणि नेमणूक व्यवस्थापकाची, ही केरळातील अनुदानित शिक्षणाची द्विमुखी रचना अशा प्रकारे निर्माण झाली. महाराष्ट्रातील वाचकांना ती अपरिचित वाटण्याचे कारण नाही. येथेही खाजगी शाळांतील कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींसाठी १९७७ मध्ये स्वतंत्र अधिनियम करावा लागला. १९५८ च्या अभिप्रायाचा आधार सर्वोच्च न्यायालयाने पुढे सेंट झेवियर्स महाविद्यालय (१९७४) व टी. एम्. ए. पै प्रतिष्ठान (२००२) ह्या प्रकरणांत घेतला आहे.

शिक्षणमंत्री म्हणून मुंडश्शेरींच्या इतर कामगिरीकडे ह्या वादामुळे दुर्लक्ष झाले. १९३७ मध्ये स्थापन झालेल्या त्रावणकोर विद्यापीठाचे केरळ विद्यापीठात रूपांतर करणारा १९५७ चा अधिनियम त्यांच्याच कारकीर्दीतील होय. १९७० मध्ये ते त्रिचूरमधून पुन्हा विधानसभेवर निवडून आले. १९७१ मध्ये कोचीन विद्यापीठ स्थापन झाले, तेव्हा त्याचे पहिले कुलगुरुपद त्यांच्याकडे आले.

मंत्रिपद गेल्यानंतरही त्यांचे लेखन चालूच होते. मंगळोदयम् ह्या मासिकाचे व नवजीवन ह्या वृत्तपत्राचे संपादन त्यांनी केले होते. कोन्तयिल् निन्नु कुरिशिलेक्कु (जपमाळेकडून क्रुसाकडे) ह्या कादंबरीत त्यांनी ख्रिस्ती समाजजीवनाचा विषय हाताळला आहे. कोळिञ्ञ इलकळ् (गळलेली पाने) हे त्यांचे आत्मचरित्र कोचीन संस्थानातील बालपण, महाविद्यालयातील वर्षे आणि राजकारण ह्या तिन्हींचा वृत्तांत देते. मल्याळम् आत्मचरित्रपर वाङ्मयात त्याला महत्त्वाचे स्थान आहे.