चूक पाचव्या ओळीत, बोट सहाव्या ओळीवर

पोलादपूरहून एसटीने महाडच्या क्लासला येणारी मुलं बारावीच्या कॉम्प्युटर सायन्ससाठी टर्बो सी++ वर हात बसवायची. पाचव्या ओळीच्या शेवटी सेमीकोलन राहिला की पडद्यावर यायचं ‘स्टेटमेंट मिसिंग ;’ आणि उजळायची सहावी ओळ. मूल सहावी ओळ पुन्हा पुन्हा वाचायचं. ती बरोबरच असायची.

सी++ मध्ये ओळ संपली म्हणून विधान संपत नाही. कंपायलर, म्हणजे प्रोग्रॅम संगणकाच्या भाषेत उतरवणारं सॉफ्टवेअर, पुढचा शब्द वाचतो, तो बसत नाही, तेव्हा कुठे त्याला कळतं. मग आपण जिथे अडलो ती जागा तो सांगतो. मी मुलांना सांगायचो, ‘एक ओळ वर बघ.’ पण मी एकटा किती जणांजवळ पोचणार? शेवटच्या एसटीची वेळ झाली की प्रोग्रॅम तसाच सोडून मुलं पळायची. गावी परतल्यावर विचारायला कुणीच नसे. लोणेऱ्याला १९८९ पासून तंत्रशास्त्र विद्यापीठ आहे, पण तिथवर पोचायची हिंमत काहींची अशा संदेशांपायीच खचली, असं मला वाटतं.

आणि चूक नीट सांगता येते, हे जगाला तेव्हाही माहीत होतं. कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठात १९६५ साली विद्यार्थ्यांनीच वॉटफॉर हा फोरट्रानचा कंपायलर लिहिला, तो शिकणाऱ्यांसाठीच. पुढे कॉर्नेल विद्यापीठाचा पीएल/सी हा कंपायलर चूक स्वतःच दुरुस्त करून बघायचा आणि काय गृहीत धरलं ते छापायचा. तेव्हा पंच कार्डांचा गठ्ठा देऊन निकालाची वाट बघावी लागे, त्यामुळे एका खेपेत होईल तेवढं सांगणं भाग होतं. घरगुती संगणक आले, कंपाइल करणं क्षणाचं काम झालं. १९८३ चा टर्बो पास्कल पहिल्या चुकीवर थांबून कर्सर तिथे नेऊन ठेवी, पुढचं तुमचं तुम्ही बघा. वेग मिळाला, समजावून सांगणं मागे पडलं.

ते परत यायला बराच काळ गेला. क्लँग या सी++ च्या कंपायलरने सेमीकोलन जिथे हवा नेमकी तीच जागा बाणाने दाखवली, जीसीसी या दुसऱ्या कंपायलरने २०१३ मध्ये ओळीखाली खूण द्यायला सुरुवात केली, एल्म आणि रस्ट या भाषांचे कंपायलर तर पूर्ण वाक्यांत बोलू लागले. पायथनमध्ये कंस बंद करायचा राहिला की पूर्वी बिचाऱ्या पुढच्या ओळीवर ‘इनव्हॅलिड सिंटॅक्स’चा ठपका यायचा. २०२१ च्या ३.१० आवृत्तीपासून तो उघडलेल्या कंसावरच बोट ठेवतो आणि सांगतो की हा बंदच केला नाही.

तरी अजून काही लॅबमध्ये डॉसबॉक्स या जुने डॉस प्रोग्रॅम चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवर टर्बो सी++ चालवतात. जीसीसी फुकट मिळतो, जुन्या मशीनवरही चालतो. या सुट्टीत तेवढं तरी बदलून घ्या.